गच्चीवरची घागर

मी शाळेत विज्ञान शिकवते हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला माझी कीव यायला नको. एखाद्या अडाणी बाईच्या हातून हे झालं असतं तर बिचारीला काय ठाऊक म्हणून सोडून देता आलं असतं. पण झालं ते माझ्या हातून, आणि गेल्या माघात झालं. त्याच दिवसांत मी नववीच्या मुलींना विशिष्ट ऊष्मा शिकवत होते. हातात खडू, आवाज चढा, आणि तोंडाने "लिखो लड़कियों, पानी देर से गरम होता है और देर से ठंडा." मुली मुकाट्याने लिहून घेत होत्या. शिकवणारी शहाणी मात्र जे सांगत होती ते एका कानानेसुद्धा ऐकत नव्हती.

आम्ही बनारसला दुर्गाघाटाच्या वरच्या गल्लीत राहतो, अण्णा आणि मी. अण्णा म्हणजे माझे वडील. पंच्याऐंशीच्या घरात आले आहेत. जन्मभर त्यांनी वेद म्हटले आणि मुलांना म्हणायला शिकवले. आता शिकायला कुणी येत नाही, पण सकाळी संध्या झाली की ते आपले एकटेच घोळवत बसतात. आई जाऊन बरीच वर्षं झाली. भाऊ पुण्याला असतो आणि आमचं मराठी ऐकून फोनवर हसतो, कारण आम्ही धुक्याला कोहरा म्हणतो आणि पांघरुणाला रजई. हसू दे. त्याच्या पुण्यात गलन म्हणजे काय हे तरी कुठे कुणाला ठाऊक आहे? पौष-माघात बनारसला ओली थंडी पडते, हाडात शिरते आणि दुपारपर्यंत निघायचं नाव घेत नाही. तिला इथे गलन म्हणतात.

तर अशा गलनीत अण्णांचा नेम असतो माघस्नानाचा. पौषी पौर्णिमेला सुरू करायचं आणि माघी पौर्णिमेला संपवायचं. रोज उजाडायच्या आत गंगेवर जायचं, तीन बुड्या मारायच्या, अर्घ्य द्यायचं आणि ओल्या पंच्याने पायऱ्या चढून घरी यायचं. मुंज झाली तेव्हापासून हा नेम चुकलेला नाही. आई गेली तेव्हा सुतक माघातच आलं होतं, तरी ते गेले आणि नुसते पाण्यात उभे राहून आले.

मला लहानपणचं आठवतं. अण्णा गळ्यापर्यंत पाण्यात, आणि मी वर पायरीवर आईची शाल गुंडाळून, नाकातून वाफा सोडत बसलेली. ते तिथून हाक मारायचे, "ये गं, ये. पाणी ऊन आहे." मी काय खुळी होते जायला? मोठी माणसं असंच सांगतात हे मला कळत होतं. सुई टोचताना डॉक्टर म्हणतो दुखणार नाही, कडू काढा देताना आई म्हणते गोड आहे. त्यातलंच हे. "खोटं!" म्हणून मी ओरडायचे आणि अण्णा हसायचे. माझ्या उभ्या आयुष्यात मी माघात गंगेत उतरले नव्हते. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात काय केलं असेल, तर गीझर बसवला.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात अण्णांचा घाटावर तोल गेला. पडले नाहीत. आमचे ओळखीचे एक नाववाले आहेत, ते जवळच नाव बांधत होते, त्यांनी धरलं. पण मला निमित्त मिळालं. मी घरी आल्या आल्या जाहीर केलं की आता पुरे, यंदा माघस्नान नाही. उतरायच्या पायऱ्या निसरड्या, थंडी अशी, वय असं. मग फोनवर भावाला घेतलं. तोही म्हणाला, "अण्णा, ताई म्हणते ते बरोबर आहे. गीझरच्या पाण्याने करा ना आंघोळ. देवाला काय कळतंय?" अण्णा मला म्हणाले, "अगं, माघात गंगा ऊन असते. तुला सांगतोय किती वर्षं."

मी म्हटलं, "अण्णा, ती तुमची श्रद्धा झाली."

वर आणखी मी हसले. शाळेतल्या मुलीने चुकीचं उत्तर दिलं की हसते तशी. ते खाली मान घालून जानवं सारखं करू लागले. त्यांना वाटलं असणार, शिकलेली आहे, म्हणते तर असेल.

आता खरं कारण सांगते. पायऱ्या वगैरे होतंच, नाही म्हणत नाही. पण अण्णांना एकटं सोडता येणार नाही म्हटल्यावर रोज अंधारात त्यांच्याबरोबर घाटावर कोण जाणार होतं? मी. महिनाभर, त्या गलनीत, आणि वर शाळा आहेच. मला माझी रजई सुटत नव्हती. ते मी कुणाला बोलून दाखवलं नाही, भावालाही नाही. अण्णांच्या तब्येतीची काळजी म्हणून सगळं खपून गेलं.

नेम मोडायचा नाही आणि घाटावर जायचंही नाही, यावर तोड मीच काढली. गंगा घरी आणायची! नाववाल्यांना विचारलं तर ते लगेच तयार झाले. "गुरुजी के लिए इतना भी नहीं करेंगे, दीदी?" फक्त सकाळी त्यांना सवारी असायची, परदेशी लोक सूर्योदय बघायला येतात ना. म्हणून ते संध्याकाळी नाव लावली की आमची तांब्याची मोठी घागर भरून वर आणून देऊ लागले. अण्णा त्या पाण्याने पहाटे गच्चीवर पूर्वेकडे तोंड करून स्नान करणार. ही सगळी योजना मी इतक्या तोऱ्यात सांगितली की काय विचारता. भाऊ म्हणाला, "वा, ताई!"

रात्रभर घागर ठेवायची कुठे, हा प्रश्न आला. स्वयंपाकघरात ठेवावी तर कामाला बाई येते, खालच्या मजल्यावरचे लोक येतात-जातात, मीही पारोशी वावरते. सोवळ्यातलं पाणी म्हणजे कुणाचा हात लागता कामा नये. म्हणून घागर गेली गच्चीवर. उघड्या आभाळाखाली, तोंडावर धुतलेलं फडकं बांधून. तिथे कुणी फिरकत नाही. पाणी तापवायचा प्रश्नच नव्हता, गंगाजल चुलीवर चढवत नाहीत आमच्याकडे. मला वाटलं, तांब्याच्या भांड्यात पाणी चांगलं राहतं. तांबं उष्णता किती झरझर वाहून नेतं यावर मी दरवर्षी एक प्रश्न काढते पेपरात. पाच गुणांचा!

आणि त्याच दिवसांत मी खाली स्वयंपाकघरात काय करत होते? दही. थंडीत आमच्याकडे दही लागत नाही. विरजण घातलं की मी पातेलं आईच्या जुन्या शालीत गुंडाळायचे आणि कणकेच्या डब्यात खुपसून ठेवायचे. विरजणातले जीव थंडीने आखडतात, त्यांना ऊब लागते, हे मला चांगलं ठाऊक होतं. म्हणजे दह्याला शाल आणि बापाचं पाणी गच्चीवर उघड्यावर. हे आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

एवढंच काय, शाळेतून येताना चौकात थांबून मी मलइयो खायचे. बनारसला थंडीतच मिळतो तो, दुधाचा फेस, जिभेवर ठेवला की नाहीसा होतो. खाताना मलइयोवाला मोठ्या कौतुकाने सांगायचा की दूध रात्रभर छतावर ओस में, म्हणजे दवात, ठेवतो, तेव्हा कुठे एवढं थंड होतं. मी "अच्छा अच्छा" करत दुसरा कुल्हड मागायचे. घरी छतावर घागर आहे हे मनातसुद्धा आलं नाही.

पहिले काही दिवस सगळं नीट चाललं, निदान मला तसं वाटलं. अण्णा पहाटे गच्चीवर जायचे, मी खाली चहा टाकायचे. वरून तांब्याचा आवाज यायचा. नदीत तीन बुड्या मारल्या की संपतं, पण गच्चीवर तांब्या-तांब्याने घ्यायचं आणि प्रत्येक तांब्याला मंत्र म्हणायचा, त्यामुळे बराच वेळ ते ओले उभे राहायचे. नदीवरून वारा यायचा तो सरळ आमच्या गच्चीवर. घाटावरून घरी येताना त्या पायऱ्या चढून अंगात पुन्हा धग यायची, तीही आता नव्हती. पायऱ्याच तर मी बंद केल्या होत्या. एकदा मी विचारलं, "अण्णा, फार गार नाही ना?" ते म्हणाले, "चालतंय." ते थरथरतही नव्हते. मी मनात म्हटलं, बघा, किती सोसतं त्यांना.

थरथरणं म्हणजे शरीर आपली चूल पेटवत असतं. अंग गार पडायला लागलं की स्नायू स्वतःहून हलतात आणि त्यातून ऊब निघते. म्हातारपणी ती चूल पेटायलाच उशीर होतो. कधी पेटतच नाही. माणूस थरथरत नाही याचा अर्थ त्याला थंडी सोसते असा नसतो, उलट काळजी करावी असा असतो. हेही मी शिकवते बरं का, सस्तन प्राण्यांच्या धड्यात.

मग ती सकाळ आली. आदल्या दिवशी कोहरा फिटून आभाळ स्वच्छ झालं होतं, रात्री चांदण्या दिसत होत्या. अशा रात्री थंडी जास्त पडते. अण्णा गच्चीवरून उतरले ते भिंत धरत. पाटावर बसले आणि संध्या सुरू केली. मी चहा गाळत होते. एकाएकी अण्णा थांबले. मागे गेले, पुन्हा तिथपर्यंत आले, पुन्हा थांबले. मग एक शब्द गाळून पुढे गेले. मला काही वेद येत नाहीत, पण ही संध्या मी जन्मल्यापासून रोज ऐकते आहे, कुठे काय येतं ते माझ्या कानाला माहीत आहे. अण्णांचा शब्द चुकला होता. अण्णांचा! ज्यांनी मुलांच्या एका स्वराच्या चुकीला अख्खा पाठ पुन्हा म्हणायला लावला, त्यांचा.

आणि मी काय करावं? मी हसले. "काय अण्णा, झोप झाली नाही वाटतं? तुमच्या विद्यार्थ्याने असं म्हटलं असतं तर कान पिळला असतात." ते माझ्याकडे बघत राहिले. मी काय बोलले ते कळायला त्यांना वेळ लागत होता. मी चहा त्यांच्यापुढे ठेवला आणि शाळेत निघून गेले.

शरीरातलं सगळं रसायन एका ठरावीक उबेत चालतं. ती थोडी उतरली की एकेक गोष्ट मंद व्हायला लागते. हात जड होतात, जीभ जड होते, डोक्यात असलेला शब्द तोंडापर्यंत पोचत नाही. अण्णांच्या अंगाने मला सांगितलं होतं, त्यांना जे सर्वांत पक्कं येत होतं तेच चुकवून सांगितलं होतं. मी विनोद करून गेले.

दुपारी कामाच्या बाईने शाळेत फोन केला की गुरुजी उठत नाहीत आणि श्वास कसासाच घेताहेत. गल्लीत गाडी येत नाही. चौघांनी त्यांना खुर्चीवर बसवून रस्त्यापर्यंत नेलं. इस्पितळात निमोनिया निघाला. तरुण डॉक्टर होता. त्याने विचारलं, "ठंडे पानी से नहाते हैं क्या?" आणि माझ्या तोंडून जे निघालं ते मी विसरू म्हणता विसरू शकत नाही. मी म्हटलं, "क्या करें डॉक्टर साहब, नेम है इनका. मानते ही नहीं."

मानते ही नहीं! जे माझं ऐकून घाट सोडून गच्चीवर आले ते. डॉक्टरने मग अण्णांनाच समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं, "बाबा, इस उमर में जिद नहीं करते." अण्णांच्या नाकावर ऑक्सिजन होता. त्यांनी डॉक्टरकडे बघून मान हलवली. माझ्याकडे बघितलं नाही, आणि बघितलं असतं तर मी कुठे तोंड लपवलं असतं कोण जाणे.

दोन-चार दिवसांनी जरा बरं वाटल्यावर अण्णांनी पहिली गोष्ट मागितली ती गंगाजल. घरातलं देवापुढचं नको म्हणाले, ताजं हवं, चमचाभर. म्हणून मी सकाळी लोटी घेऊन घाटावर गेले. कानाला मफलर, हातात मोजे, पायात दोन-दोन जोड. खाली पोचले तर सबंध नदीवर वाफ उभी होती. तसं हे दृश्य मी शेकडो वेळा खिडकीतून बघितलंय. नाववाले भैया उघड्या पायांनी पाण्यात उभे राहून नाव धूत होते. मी मोजा काढला, वाकले आणि लोटी बुडवली.

पाणी ऊन होतं.

ऊन म्हणजे तापवल्यासारखं नव्हे. पण हवेने बधिर झालेल्या माझ्या बोटांना ते सरळ सरळ ऊबदार लागलं. मी हात बाहेर काढला, पुन्हा घातला. मनगटापर्यंत घातला. भैया म्हणाले, "जाड़े में गंगाजी गुनगुनी रहती हैं दीदी, बाहर ज़्यादा ठंड है." ते अगदी सहज म्हणाले, इथल्या कुणालाही ठाऊक असल्यासारखं. मी तशीच वाकलेली राहिले. पाणी उशिरा निवतं. एवढी मोठी नदी एका रात्रीत कशी निवेल? आणि घागरभर पाणी तांब्याच्या पत्र्यात, उघड्या आभाळाखाली, रात्रभर ठेवलं तर ते का नाही निवणार? लिखो लड़कियों.

तरी माझं मन पळवाट शोधत होतं, म्हणजे बघा. म्हटलं, हाताला काय, काहीही वाटतं. शाळेच्या प्रयोगशाळेतून थर्मामीटर आणला. तीच घागर भैयांकडून संध्याकाळी भरून घेतली, गच्चीवर तशीच ठेवली आणि पहाटे वर जाऊन मोजलं. मग खाली धावत जाऊन नदी मोजली. घागर नदीपेक्षा सात अंशांनी गार होती. पारा खोटं बोलत नाही. मी घाटाच्या पायरीवर बसले आणि मोठ्याने रडले. आजूबाजूला माघस्नानाच्या बायका होत्या, त्यांना वाटलं माझं कुणी गेलं असावं. एकीने पाठीवर हात ठेवला.

थंडीपासून वाचवायचं म्हणून मी अण्णांना कमी गार पाण्यातून काढून जास्त गार पाण्यात घातलं होतं. रोज.

भावाला फोन केला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, काहीतरीच तुझं. या वयात कशानेही होतं. घाटावर गेले असते तरी झालं असतं." कदाचित असेल. डॉक्टरही म्हणाला होता, उमर है. कुणालाच सिद्ध करता येणार नाही, मलाही नाही. पण तो पुढे म्हणाला, "आणि अण्णांना सांगत बसू नकोस हं. उगाच कशाला त्रास?" हे मात्र मला लगेच पटलं. किती लवकर पटलं! अण्णांना त्रास नको, या नावाखाली मी पुन्हा एकदा स्वतःची रजई ओढून घेतली.

अण्णा घरी आले. खंगले होते. आवाज घोगरा झाला होता, दोन ओळी म्हटल्या की धाप लागायची. गंगेच्या बाजूची खिडकी आहे, तिच्यापाशी त्यांची खाट लावली. पहिल्या दिवसापासून ते एकच गोष्ट करू लागले. सकाळी उठले की खिडकीकडे तोंड करून गंगेला हात जोडायचे आणि म्हणायचे, "आई, चुकलं माझं. तुला सोडून घरी बसलो. माफ कर."

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चमच्यात औषध ओतत होते. म्हटलं, "अण्णा, असं काय बोलता?"

"अगं, बरोबरच आहे. जन्मभर तिच्याकडे गेलो आणि दोन पायऱ्या जड झाल्या तर तिला घागरीत घालून घरी मागवली. ती काय नोकर आहे? रागावली. रागावणारच."

"नदी कशी रागावेल, अण्णा?"

"तुझी नसेल रागवत," ते म्हणाले.

इथे सांगायला हवं होतं. शब्द ओठांवर होते, नुसतं बोलायचं होतं की अण्णा, ती रागावली नाही, घागर गार होती आणि ती तिथे मी ठेवली होती. पण मग गंगा ऊन असते हे तुम्ही मला लहानपणापासून सांगत होतात हेही आलं असतं. मी हसले होते ते आलं असतं. डॉक्टरला काय सांगितलं ते आलं असतं. मी म्हटलं, "औषध घ्या," आणि चमचा पुढे केला. त्यानंतर रोज सकाळी ते माफी मागत आणि मी स्वयंपाकघरात भांडी मोठ्याने वाजवत असे, म्हणजे ऐकू येऊ नये. तरी यायचं. आमचं घर केवढंसं आहे!

माघी पौर्णिमा आली, महिन्याचं शेवटचं स्नान. आदल्या संध्याकाळी अण्णांनी मला जवळ बोलावलं. "बाळ, एक मागू?"

मी म्हटलं, "मागा की."

"उद्या माझ्या नावाची बुडी मारून येशील? मला जाता येत नाही. तुला थंडी सोसत नाही हे मला माहीत आहे. पण एकच मार. नेम अर्धा राहिला तरी शेवट तरी तिच्यात होऊ दे. बघ, नाही जमलं तर राहू दे."

दुसऱ्याच्या नावाने बुडी मारायची चाल आहे आमच्याकडे. कुणी आजारी असलं, लांब असलं, तर त्याचं नाव घेऊन घरातलं दुसरं कुणी स्नान करतं. पण ते "राहू दे" त्यांनी इतकं हळू म्हटलं की मला स्वतःची शरम वाटली. आपल्या लेकीकडे एक बुडी मागायलाही त्यांना भीड पडत होती.

मी गेले. घाट माणसांनी फुलला होता. शाल काढून पायरीवर ठेवली तेव्हा वाऱ्याने अंगावर असा काटा आला की परत फिरावंसं वाटलं. दात कडकड वाजत होते. नाक धरलं, अण्णांचं नाव आणि गोत्र म्हटलं आणि खाली बसले.

पाण्याने मला धरलं. चोहोबाजूंनी ऊब होती. डोकं बाहेर काढलं तर बाहेर गार, म्हणून पुन्हा आत गेले. एकच म्हणाले होते अण्णा, मी तीन मारल्या आणि मग तशीच गळ्यापर्यंत उभी राहिले. अण्णा नेमके इथेच उभे राहायचे. ये गं, ये. पाणी ऊन आहे. एवढी वर्षं त्यांनी बोलावलं आणि मी आज आले, तेही त्यांना इथून काढल्यावर. माझ्याच्याने बाहेर येववेना. शेजारच्या बाईने हाक मारली, "अब निकलिए बहनजी, सर्दी लग जाएगी," तेव्हा मी निघाले.

घरी आले ती ओल्या केसांनीच. अण्णा उशीला टेकून वाटच बघत होते. "झालं?"

"झालं अण्णा. तीन मारल्या."

त्यांचा चेहरा उजळला. "तीन? शाबास गं. आणि पाणी कसं होतं?"

गार होतं म्हणून मोकळं होता आलं असतं. मी त्यांच्या पायाशी बसले. "ऊन होतं, अण्णा. तुम्ही सांगत होतात तसं."

"मग! मी सांगत नव्हतो?"

"सांगत होतात. मी ऐकलं नाही. अण्णा, गच्चीवरची घागर रात्रभर निवायची. तांब्याची होती, वरून आभाळ उघडं. नदीपेक्षा कितीतरी गार व्हायची. मी थर्मामीटरने मोजलं. तुम्ही गंगेवर जात होतात तेच बरं होतं. मी आजारी पाडलं तुम्हाला. आणि डॉक्टरला सांगितलं की तुम्हीच ऐकत नाही." ते रागावावेत असं मला वाटत होतं. खरंच वाटत होतं, त्यांनी एक चपराक मारावी.

माझं अर्धं त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं बहुतेक. त्यांनी एकच धरलं होतं. "म्हणजे," ते हळूहळू म्हणाले, "घागर गार होती. गंगा रागावली नव्हती?"

"नाही, अण्णा."

"नक्की?"

"नक्की. मोजलंय मी."

ते हसले. आजारपणानंतर प्रथमच, खोकला येईपर्यंत हसले. खिडकीकडे बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "आणि मी वेडा! रोज सकाळी उठून तिची माफी मागतोय." मग हसता हसता काहीतरी लक्षात आल्यासारखे थांबले. माझ्याकडे वळले. डोळ्यांत राग नव्हता, नुसतं नवल होतं, लहान मुलाला वाटतं तसं.

"पण तू तर इथेच होतीस," ते म्हणाले. "ऐकत होतीस ना गं?"

"हो, अण्णा," मी म्हटलं. "ऐकत होते."